मेलेलं कलम

मंगरूळपीरच्या तहसील कचेरीसमोर इब्राहीम बावीस वर्षं अर्ज लिहीत होता. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. फेरफार, वारसाची नोंद, पांदणरस्ता, रेशनकार्ड, नवऱ्याने टाकलेल्या बाईचं निवेदन, जे येईल ते. तालुक्यात त्याच्यासारखं मराठी लिहिणारा दुसरा नाही असं वकीलसुद्धा म्हणत. त्याच्या अर्जात एक शब्द जास्तीचा नसे आणि एक तारीख चुकलेली नसे. लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची एक प्रत तो स्वतःजवळ ठेवी. दुकानातलं लोखंडी कपाट त्या प्रतींनी भरलं होतं, आणि ते कपाट उघडून कुणी काही वाचावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं.

मार्च महिन्यात एका सकाळी त्याच्या मुलीने, कशिशने, चहा पिता पिता मोबाइल त्याच्यासमोर धरला.

"अब्बा, हे पाहा. बोरमाळ तांड्याची आहे."

शेलूबाजारच्या पुढे, सडक सोडून आत गेलं की बोरमाळ तांडा लागतो. व्हिडिओत पंचविशीतली एक बाई पदर खोचून पाण्याच्या टाकीची शिडी चढत होती. वर पोचल्यावर ती झाकण सरकवून आत उतरली. मग अंधुक उजेडात तिचा चेहरा दिसला आणि आवाज घुमायला लागला.

"मी रंजीता. मी आता टाकीच्या आत उभी आहो. कागदावर ह्या टाकीत चार वर्षापासून पाणी हाय. पाहा, माही चप्पलबी ओली नाही झाली. एवढ्या मोठ्या टाकीत आजवर फक्त माहा आवाज भरला."

इब्राहीमच्या हातातला कप तसाच राहिला. ही टाकी त्याच्या ओळखीची होती. या टाकीवर त्याने चार अर्ज लिहिले होते. तांड्यावरची जमनाबाई दरवर्षी उन्हाळ्यात येई, बाकावर बसे, सांगे, आणि तो लिही. चारही अर्जांचे आवक क्रमांक त्याला तोंडपाठ होते. 'सदर टाकी बांधून पूर्ण झाल्याचे दर्शविण्यात आले असले तरी प्रत्यक्षात तीत एक थेंबही पाणी सोडण्यात आलेले नाही.' हे वाक्य त्याचं होतं. चांगलं वाक्य होतं. पण 'आवाज भरला' हे त्याला सुचलं नव्हतं.

"दोन लाख लोकांनी पाह्यलं," कशिश म्हणाली.

"बोलता येते पोरीले," इब्राहीम म्हणाला. "पण तारीख नाही सांगितली. आवक क्रमांक नाही. पुरावा कुठं हाय?"

"अब्बा, ती टाकीत उभी आहे."

त्याची बायको नसीम ओट्याशी उभी राहून ऐकत होती. हात पुसत ती आली आणि तिने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. "किती धीट बाई आहे," ती म्हणाली, आणि कारंज्याच्या बहिणीला लगेच पाठवून दिला. नसीमने बावीस वर्षांत त्याचा एक अर्ज वाचला नव्हता.

आठवड्याभरात एक इंजिनियर साहेब जीप घेऊन तांड्यावर गेले आणि पाइप कुठपर्यंत आला आहे ते मोजून आले. ही बातमी इब्राहीमला कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर कळली. चार वर्षांत त्याच्या चार अर्जांमुळे तिथे एक शिपाईही गेला नव्हता.

त्या दिवसापासून तो तिचे व्हिडिओ पाहायला लागला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइल टेबलाखाली धरून पाही. शाळेला कुलूप, रस्त्यावरची खडी, ऊस तोडायला गेलेल्यांच्या लेकरांचं जेवण. तो तिच्या चुका काढी. इथे निधी 'मंजूर' नाही, 'वर्ग' झाला म्हणायला पाहिजे होतं. इथे तिने ग्रामसेवकाचा दोष सरपंचावर घातला. पण चुका सापडूनही पाहणारे कमी होत नव्हते. काही वर्षांपूर्वी त्यानेही 'तालुक्याचे प्रश्न' नावाचं पान काढलं होतं. त्यावर लांबलचक, निर्दोष लेख टाकले होते. एकतीस लोक ते पान पाहत, त्यातले अकरा नात्यातले होते.

एप्रिलच्या सुरुवातीला विकास आला. टाकीचा ठेका त्याचा होता. त्याने खुर्ची ओढली आणि सरळ विषयाला हात घातला.

"इब्राहीमभाऊ, असा अर्ज लिवा का त्या बाईनं पुन्हा तोंड उघडलं नाही पायजे."

एका वादात दोन्ही बाजूंचं लिहायचं नाही, असा इब्राहीमचा नियम होता. त्या नियमापायी त्याने दोनदा ओळखीच्या माणसांना परत पाठवलं होतं. 'टाकीचे अर्ज मीच लिहिले आहेत, दुसरीकडे जा,' एवढं म्हटलं की झालं असतं. त्याऐवजी त्याने विचारलं, "व्हिडिओ काढून टाकायचा, का अजून काही?"

"व्हिडिओ काढावा. अन् फोन जमा झाला तं आणखीन बरं."

इब्राहीमने कीबोर्ड पुढे ओढला. 'सदर महिलेने समाजमाध्यमाचा गैरवापर करून खोटा, प्रक्षोभक व बदनामीकारक मजकूर प्रसारित केला असून, त्यामुळे गावात असंतोष पसरून शांतता भंग होण्याची दाट शक्यता निर्माण झाली आहे.' वाक्यामागून वाक्य येत गेलं. रंजीता ही प्रसिद्धीसाठी हपापलेली आहे, असं त्याने लिहिलं. अर्धवट माहितीवर बोलते, असं लिहिलं. शेवटी कलम घालायची वेळ आली तेव्हा त्याने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं सहासष्ट-अ घातलं.

ते कलम मेलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते रद्द केलं होतं, कारण त्याच्या जोरावर नेटवर काहीही बोललेल्या माणसाला पकडता येत होतं. त्या वेळी इब्राहीमने वर्तमानपत्रातली बातमी कापून ठेवली होती आणि आपल्या नमुन्यांतून ते कलम खोडलं होतं. पण कागदावर ते वजनदार दिसे. तीन वर्षांची कैद, असं कंसात लिहिता येई. कोण तपासतं, असं त्याने मनाला सांगितलं.

विकासने वाचून मान हलवली. त्या दिवशी इब्राहीम घरी गेला आणि पोटभर जेवला.

पुढे जे झालं ते त्याला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. रंजीताला ठाण्यातून नोटीस आली, चौकशीला हजर राहा म्हणून. तिचा नवरा किशन पश्चिमेकडे ऊसतोडीला गेलेला होता. त्याने तिकडून फोन केला, की आधी तो व्हिडिओ काढ, मग बाकीचं. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. रंजीताने व्हिडिओ काढला नाही, पण नवीन टाकणं थांबवलं.

"काय झालं असेल तिला?" कशिश रोज विचारी. इब्राहीम दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडे. चार-पाच दिवस त्याला शांत वाटलं. पण तो तिचं पान उघडून काही नवं नाही ना हे पाही, आणि असं तो पहिल्यापेक्षा जास्त वेळा करायला लागला.

सोमवारी दुपारी जमनाबाई दुकानात आली. मागे एक बाई होती, खाली मान घालून. इब्राहीमने तिला लगेच ओळखलं. व्हिडिओत दिसे त्यापेक्षा ती लहानखुरी होती.

"भाऊ, हे माही सून, रंजीता," जमनाबाई म्हणाली. "किशनची. तिच्यावर कोणं तरी अर्ज टाकला. आमचे टाकीचे अर्ज तुमीच लिवले, आता ह्याचा जवाबबी तुमीच लिवा. दुसऱ्या कोणावर माहा भरोसा नाही."

रंजीताने नोटीस टेबलावर ठेवली. तिच्याखाली त्याच्याच अर्जाची झेरॉक्स होती. ठाण्यातल्या जमादाराने दिली म्हणे, भला माणूस होता.

"बसा," इब्राहीम म्हणाला.

रंजीता बसली. तिने झेरॉक्स उचलली. "लिवणारा कोण हाय ठाव नाही, चाचा, पण काय लिवते. मी चार वेळा वाचलं. वाचून मलेच वाटलं, ही बाई लय वाईट असन."

इब्राहीमच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपल्या लिहिण्याची अशी तारीफ त्याने कधी ऐकली नव्हती. ती ऐकताना आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली, पण आनंद आधी झाला.

"मले असं लिवता आलं असतं तं बरं झालं असतं," ती पुढे म्हणाली. "माहं बोलणं उडून जाते. लोक दोन दिवस पाहतात, मंग दुसरं काही पाहतात. कागद बसून राहते. माह्या बोलण्यानं विकासले कोणं ठाण्यात नेलं? कोणंच नाही. अन् हा दीड पानाचा कागद, ह्यानं मले नेलं."

इब्राहीमने तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजातलं ते त्याला चांगलं ओळखू आलं. तीही जळत होती. ज्याच्यावर जळत होती त्याच्याच समोर बसून जळत होती.

तो कॉम्प्युटरकडे वळला आणि लिहायला लागला. 'माझ्याकडून अनवधानाने सदर चित्रफीत प्रसारित झाली. त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करते व ती तात्काळ काढून टाकण्याची हमी देते.' हे सोपं होतं. यात तिचाही त्रास संपणार होता, असं तो स्वतःला सांगत होता. व्हिडिओ जाईल, टाकीतला तो आवाज जाईल, आणि त्याचे चार अर्ज आणि तिचा व्हिडिओ पुन्हा एका पातळीवर येतील, हे मात्र तो स्वतःला सांगत नव्हता. ते त्याला सांगावं लागत नव्हतं.

त्याने वाचून दाखवलं. जमनाबाई म्हणाली, "बरोबर हाय. सही कर वो, अन् मोकळी हो. फोन तसाबी मी ज्वारीच्या कोठीत घालून ठेवला हाय."

रंजीताने पेन घेतलं नाही.

"चाचा, एक सांगा. टाकीत पाणी नव्हतं, अन् मी सांगितलं का पाणी नाही. हे सांगणं गुन्हा हाय का? खरं सांगा. गुन्हा असन तं मी सही करतो."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. इब्राहीमने कीबोर्ड बाजूला सरकवला.

"नाही," तो म्हणाला. "गुन्हा नाही. हे जे कलम घातलं हाय ते आता कायद्यात नाहीच. सुप्रीम कोर्टानं काढून टाकलं, दहा वर्षं झाले. खरं असन, लोकांच्या भल्याचं असन, तं ते बोलता येते. नेटवरबी येते."

"मंग लिवणाऱ्याले हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"तुमाले कसं ठाव?"

"मीच लिवलं," इब्राहीम म्हणाला.

जमनाबाईला आधी कळलंच नाही. तिने सुनेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुमी? ज्या हातानं माहे अर्ज लिवले, त्याच हातानं?" ती उठली. "चाल, रंजीता. इथं बसू नको."

रंजीता उठली नाही. "काहून लिवलं?"

विकासने सांगितलं म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. "मी चार वर्षं लिहून राह्यलो होतो," इब्राहीम म्हणाला. "कोणी नाही आलं. तू एकदा टाकीत उतरली अन् साहेब जीप घेऊन आला. माह्या घरात माही पोरगी तुहं नाव घेते. मले सहन नाही झालं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

रंजीताने नोटीस त्याच्यापुढे सरकवली. तिचा राग चढत होता ते दिसत होतं. "माहा नवरा म्हणते, परत आल्यावर पाहतो तुले. लेकरू शाळेत जात नाही, त्याले पोरं म्हणतात तुही माय जेलात जाते. मी तुमाले माफ नाही करत, चाचा."

"नको करू."

"पण तुमच्याहून चांगलं लिवणारा मले दुसरा ठाव नाही. हे खोडा अन् दुसरं लिवा."

जमनाबाई दाराशीच उभी राहिली. इब्राहीमने माफीनामा पुसून टाकला. नवीन पान उघडून त्याने आधी सहासष्ट-अ रद्द झाल्याचं साल आणि निकाल लिहिला. मग संविधानाचं एकोणिसावं कलम लिहिलं, ज्यात प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. मग खुर्चीवरून उठून त्याने लोखंडी कपाट उघडलं आणि चार अर्जांच्या प्रती काढल्या, आवकच्या शिक्क्यासकट. रंजीता जे बोलली ते चार वर्षांपासून लेखी होतं, हे दाखवायला याहून चांगला पुरावा नव्हता.

रंजीता त्या प्रती वाचत बसली. "हे सगळं तुमी लिवलं होतं?" तिने विचारलं. मग त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहून म्हणाली, "ते 'अत्यंत नम्रपणे' काढा. मी नम्र नाही."

"तसं लिहायची रीत हाय."

"काढा."

त्याने काढलं. ते काढताना त्याला दुखलं. मग वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा ते जास्त चांगलं झालं होतं, आणि हेही त्याला दुखलं.

दुसऱ्या दिवशी तो त्या दोघींबरोबर ठाण्यात गेला. जायची गरज नव्हती, पण मेलेलं कलम आपण जाणूनबुजून घातलं हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. ठाणेदार साहेबांनी ऐकून घेतलं. रंजीताचा खुलासा वाचून तिला जायला सांगितलं. इब्राहीमला मात्र दोन तास बाकावर बसवून ठेवलं, आणि सोडताना म्हणाले, "एवढ्या वर्षांचा माणूस तुम्ही. परत असं केलं तर तुमच्यावरच गुन्ह्याचा कागद होईल." तो 'हो साहेब' म्हणून बाहेर आला. विकासचा अर्ज पंधरा दिवसांत निकाली निघाला. विकासने त्यानंतर दुकानाची पायरी चढली नाही, आणि त्याच्या ओळखीच्या लोकांनीही नाही.

जूनमध्ये पाइप जोडला गेला. पाणी एक दिवसाआड यायला लागलं.

रंजीताने पुन्हा व्हिडिओ टाकला. या वेळी ती ओसरीवर बसली होती आणि हातात कागद होता. इब्राहीमचा पहिला अर्ज तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, एका सुरात, थांबत थांबत. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हा अर्ज लिवणारे इब्राहीमचाचा मंगरूळले कचेरीसमोर बसतात. माह्यावर जो अर्ज झाला होता, तोबी त्यायनंच लिवला होता. मेलेलं कलम टाकून. तेबी सांगतो, कारण तेबी खरं हाय."

इब्राहीमने हे घरी सांगितलं नव्हतं. नसीमला ते व्हिडिओतून कळलं. तिने मोबाइल खाली ठेवला आणि त्याला एवढंच विचारलं, "खरं आहे?" तो हो म्हणाला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. कशिश जेवायला वेगळी बसली. टपरीवर लोक त्याला पाहून हसत, आणि एकाने विचारलं, "चाचा, माह्यावर अर्ज कितीत लिवसान?"

तिसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर त्याने कॉम्प्युटर लावला. 'सदर महिलेने माझी पूर्वपरवानगी न घेता माझ्या नावाचा उल्लेख करून,' इथपर्यंत लिहिलं. पुढचं वाक्य तयार होतं, चांगलं होतं. त्याने हात मागे घेतले. ती जे बोलली त्यातला एक शब्द खोटा नव्हता. खरं बोलणं गुन्हा नाही, हे त्यानेच तिच्या खुलाशात लिहून दिलं होतं. मग एकेक अक्षर मागे घेत त्याने ती ओळ पुसली. जळफळाट काही त्याबरोबर पुसला गेला नाही.

त्या संध्याकाळी कशिश आपणहून त्याच्याजवळ येऊन बसली. "व्हिडिओखाली लोकांनी तुमच्याबद्दल लिहिलं आहे. वाचू?"

"वाच."

तिने वाचलं. बऱ्याच शिव्या होत्या. एकाने त्याला गद्दार म्हटलं होतं. एका बाईने लिहिलं होतं, सांगितलं हे काय कमी आहे. मग रिठदच्या कुणा शिक्षकाने लिहिलं होतं, 'माणूस कसाही असो, अर्ज मात्र अस्सल आहे. असं मराठी आता कुणी लिहीत नाही.'

"ते पुन्हा वाच," इब्राहीम म्हणाला. तिने पुन्हा वाचलं. "दे फोन."

त्याने सावकाश, एका बोटाने लिहिलं, 'वाचनात तारखेची चूक झाली आहे. पहिला अर्ज दि. १४ नव्हे, २४ मे रोजी दाखल केला होता. इब्राहीम, अर्ज लिहिणारा.' कशिश हसली, पण तिने ते पाठवू दिलं.

रंजीताचं उत्तर तासाभरात आलं. 'हो चाचा, चुकलं. पुढच्या व्हिडिओत सांगतो.'

रात्रीच्या जेवणाला कशिशने सांगितलं की त्याच्या त्या दोन ओळी एकेचाळीस लोकांना आवडल्या. नसीमने त्याच्या ताटात भाजी वाढली, न बोलता का होईना.

"अन् तिच्या उत्तराले किती?" इब्राहीमने विचारलं.

कशिशने पाहिलं. "सहाशे."

त्याने फोन हातात घेतला, तो आकडा नीट पाहिला आणि फोन परत दिला. मग थोड्या वेळाने पुन्हा मागून घेतला.